नावं ठेवण्याचं शास्त्र

“काय, ओळखलंत का?”

अक्षता पडून गेलेल्या असतात, पहिल्या पंगतीची पानं अजून मांडली जात असतात आणि नेमक्या त्या मोकळ्या पंधरा मिनिटांत मंगल कार्यालयाच्या कोपऱ्याकोपऱ्यातून हा प्रश्न ऐकू येतो. समजा, तो ५८ वर्षांच्या एका गृहस्थांना विचारला गेला आहे. विचारणाऱ्याने त्यांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरलाय आणि उत्तर मिळेपर्यंत तो सोडायचा त्याचा विचार दिसत नाही. चेहरा ओळखीचा आहे, अगदी रोजच्यातला वाटावा इतका. भुवईवरची चामखीळ, बोलताना मान तिरकी करायची लकब, सगळं पूर्वी पाहिलेलं आहे. नाव मात्र गावाला गेलंय.

“न ओळखायला काय झालं!” गृहस्थ म्हणतात. “घरी सगळे बरे ना?”

ही सुटका नव्हे, मुदतवाढ. मुरलेल्या माणसांकडे याहून पुढचं एक हत्यार असतं, ते म्हणजे शेजारी उभ्या असलेल्या बायकोला पुढे करायचं. “ही आमची मिसेस.” आता समोरचा रीतीप्रमाणे स्वतःचं नाव सांगेल आणि प्रकरण मिटेल. पण समोरचा हसून म्हणतो, “वहिनींना काय सांगता! तुमच्या लग्नात जिलेबी वाढलीय मी त्यांच्या पानात.” बायको नवऱ्याकडे बघते. तिचीही सगळी भिस्त त्याच्यावरच होती.

या क्षणी मेंदूला जरा कुठून करंट मिळाला असता तर, असं कोणाच्याही मनात यावं. शास्त्रज्ञांच्या मनात ते आलं आणि त्यांनी तो देऊनही पाहिला.

करंट म्हणजे खरोखरचा. इंग्रजीतल्या त्याच्या लांबलचक नावाची आद्याक्षरं घेऊन त्याला टीडीसीएस म्हणतात. कवटीला भोक न पाडता, बाहेरूनच एकदिश वीज मेंदूकडे सोडायची. यंत्र दिसायला अगदीच गरीब. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालेल अशी एक डबी, दोन वायरी, वायरींच्या टोकाला रबरी पट्ट्या आणि त्या पट्ट्यांवर मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज. एक धनाग्र, एक ऋणाग्र. कुठे लावायचे ते ठरवायला नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या हाडाच्या उंचवट्यापर्यंत टेप लावून मापं घेतात, शिंपी घेतो तशी. मग वरून रबरी पट्टा आवळायचा आणि पंधरा-वीस मिनिटं बसून राहायचं. कपाळावरून खारट पाण्याचा एखादा ओघळ खाली येतो, तो पुसायला टिपकागद हाताशी ठेवलेला असतो.

एक अट मराठी डोक्याला जरा जड जाणारी आहे. केसांना तेल चालत नाही. तेल म्हणजे विजेला आडकाठी, म्हणून येताना केस स्वच्छ धुऊन या असं सांगतात. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या स्मरणशक्तीसाठी टाळूवर तेल थापलं, त्याला स्मरणशक्तीसाठी आधी तेल काढून या म्हणणं ही तशी क्रांतीच.

विजेचं प्रमाण एक ते दोन मिलिअँपिअर. मोबाइलचा साधा चार्जर एक-दोन अँपिअर देतो, म्हणजे हजारपट. घरातल्या मीटरजवळ गळती पकडणारं जे ईएलसीबी असतं, ते साधारण ३० मिलिअँपिअरला पडतं. टीडीसीएसच्या विजेची ते दखलही घेणार नाही. सिनेमात वेड्यांच्या इस्पितळात जे शॉक देताना दाखवतात, तो प्रकार निराळा. खऱ्या रुग्णालयात आज ते उपचार भूल देऊन करतात, त्यात साधारण ८०० मिलिअँपिअर वीज असते आणि त्याने रुग्णाच्या अलीकडच्या काही आठवणी पुसट होऊ शकतात. म्हणजे तीच वीज भरपूर दिली तर विसरायला होतं आणि चिमूटभर दिली तर आठवेल अशी आशा आहे. मिठासारखंच झालं हे.

खऱ्या टीडीसीएसमध्ये माणसाला काय जाणवतं? खाज. थोडी चुरचुर, कधी कातडीला लाली, कधी किंचित डोकेदुखी. २०१६ सालच्या एका आढाव्यात हजारावर माणसांवर झालेल्या ३३,२०० बैठकांची नोंद तपासली गेली, त्यांत गंभीर इजा एकही सापडली नाही. ‘डोक्याला शॉट’ हा शब्दप्रयोग ज्या अर्थाने मराठीत चालतो, त्या अर्थाने बघायचं तर नातेवाइकांच्या घोळक्यापेक्षा हे यंत्र कितीतरी सौम्य म्हणायचं.

डोक्याला वीज लावायची हौस आजकालची नाही. पहिल्या शतकातल्या रोममध्ये, सम्राट क्लॉडियसच्या काळात, स्क्रिबोनियस लार्गस नावाचा वैद्य डोकेदुखीच्या रोग्याच्या कपाळावर जिवंत विद्युत्‌ मासा ठेवत असे. दुखणारी जागा बधिर होईपर्यंत मासा तिथेच. रोग्याची डोकेदुखी जायची की तक्रार करायची हिंमत, हे सांगणं अवघड.

पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीला इटलीत लुइजी गॅल्वानीने बेडकाच्या तंगड्या विजेने नाचवल्या आणि त्याचा भाचा जोव्हान्नी आल्दिनी याने मामाचं काम माणसांवर नेलं. जानेवारी १८०३ मध्ये लंडनला जॉर्ज फॉर्स्टर नावाच्या खुन्याला फाशी दिल्यावर आल्दिनीने त्याच्या प्रेताला बॅटरीच्या तारा लावल्या. जबडा थरथरला, एक डोळा उघडला. जमलेल्या मंडळींना वाटलं, उठतोय की काय! डोळा उघडूनही समोर कोण कोण जमलंय हे काही त्याने ओळखलं नाही, पण तेवढी अपेक्षा त्या काळी नव्हती. हाच आल्दिनी उदासपणाने ग्रासलेल्या जिवंत माणसांच्या डोक्यालाही तारा लावत असे आणि गुण येतो असं सांगत असे.

मग दोनेकशे वर्षं हा विषय कधी वर, कधी खाली. त्याला प्रयोगशाळेतली शिस्त लावली ती जर्मनीतल्या ग्योटिंगेनच्या मिखाएल नित्शे आणि वॉल्टर पाउलुस यांनी, २००० साली. हाताची हालचाल सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागावर त्यांनी अवघी एक मिलिअँपिअर वीज काही मिनिटं दिली आणि त्या भागाची उत्तेजनक्षमता ४० टक्क्यांपर्यंत बदलते असं दाखवलं. धनाग्र वर असेल तर वाढते, ऋणाग्र असेल तर घटते. ही वीज पेशींना कामाला लावत नाही. काम आलंच तर पटकन उठाल एवढंच त्यांना बजावून ठेवते. दुपारच्या वेळी सरकारी कचेरीत साहेब येऊन गेल्याची नुसती कुणकुण लागावी, तसं.

नावांपर्यंत हा करंट पोचला २०१० साली, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात. तिथल्या इन्ग्रिड ओल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूचा जो भाग निवडला तो दोन्ही कानशिलांच्या आत, पुढच्या टोकाला असतो. ओळखीच्या माणसाचा चेहरा, त्याची माहिती आणि त्याचं नाव यांची गाठ बांधण्यात या भागाचा हात आहे असं मानतात. मराठी शाळांत नेमका हाच भाग उत्तेजित करायची जुनी पद्धत होती. तिला बॅटरी लागत नसे, फक्त मास्तर लागत.

फिलाडेल्फियात १५ तरुण मंडळींना प्रसिद्ध व्यक्तींचे आणि प्रसिद्ध स्थळांचे फोटो दाखवले आणि नावं विचारली. सोबत दीड मिलिअँपिअर वीज, पंधरा मिनिटं. उजव्या कानशिलावर वीज असताना माणसांची नावं जास्त आठवली, स्थळांची मात्र जैसे थे. पुढच्या वर्षी हाच प्रयोग वयस्क मंडळींवर केला, तर तिथे गुण आला तो डाव्या बाजूने. तरुणांना उजवी, ज्येष्ठांना डावी. ५८ वर्षांच्या गृहस्थांनी स्वतःला कोणत्या रांगेत धरायचं, हा प्रश्न या निबंधांनी त्यांच्या विवेकबुद्धीवर सोडला आहे.

आणखी एक अडचण आहे. प्रयोगातले चेहरे होते नटनट्यांचे, पुढाऱ्यांचे. मंगल कार्यालयात तोंड द्यावं लागतं ते मधल्या काकूंच्या माहेरच्यांना.

शिवाय वीज खरी की लुटुपुटूची, हाही खेळ असतो. अशा प्रयोगांत काहींना नुसतंच फसवतात. सुरुवातीला अर्धा-एक मिनिट वीज चढवायची आणि मग गुपचूप बंद करायची. खाज तेवढ्यापुरतीच ठळक असते, त्यामुळे स्पंज बांधून बसलेल्याला वाटतं, चालू आहे. मग तोही जोमाने आठवायला लागतो आणि पुष्कळदा त्याला आठवतंही. खऱ्या विजेला या खोट्या विजेवर मात करून दाखवावी लागते आणि ते तिला दरवेळी जमतंच असं नाही. २०१५ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी निरोगी माणसांवरच्या एकेका बैठकीच्या प्रयोगांचे आकडे एकत्र मांडले आणि स्मरण, भाषा, लक्ष, कुठेच भरवशाचा परिणाम दिसत नाही असा निकाल दिला. लगेच दुसऱ्या गटाने, तुमची बेरीज करायची पद्धतच चुकली, म्हणून हरकत घेतली. विद्वानांतही भाऊबंदकी असते.

त्याहून मोठा बाँब टाकला तो न्यूयॉर्कच्या ग्योर्गी बुझाकी यांनी. त्यांच्या गटाने चक्क मृतदेहाच्या मेंदूत सुया खुपसून, बाहेरून दिलेल्यापैकी किती वीज आत पोचते ते मोजलं. २०१८ साली छापून आलेल्या निबंधाप्रमाणे सुमारे ७५ टक्के वीज कातडी, तिच्याखालचा मऊ भाग आणि कवटी यांतच खर्ची पडते. मेंदूपर्यंत जातो तो उरलासुरला चतकोर. दिल्लीहून निघालेला रुपया गावात पोचेपर्यंत त्याचं काय होतं, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या निष्कर्षाचं नवल वाटायचं कारण नाही.

तरी लोक थांबतात थोडेच! डबी, बॅटरी, स्पंज आणि मीठ एवढ्यावर बुद्धी वाढते असं कळल्यावर पाश्चात्त्य देशांत घरच्या घरी डोक्याला वायरी जोडणाऱ्यांचा एक पंथच निघाला. २०१३ साली तर संगणकावर गेम खेळणाऱ्यांसाठी असलं शिरस्त्राण बाजारात विकायला आलं. अखेर २०१६ मध्ये ३९ संशोधकांनी या हौशी वायरमन लोकांना उद्देशून एक अनावृत पत्र लिहिलं. त्याचा मथितार्थ असा, की बाबांनो, आम्ही आयुष्य यात घालवलंय आणि आम्हालाही सगळं कळलेलं नाही. एका जागी दिलेली वीज भलतीकडे पसरते, प्रत्येकाच्या डोक्यात तिचा परिणाम वेगळा होतो आणि एक क्षमता वाढवताना दुसरीची वाट लागू शकते.

ही शेवटची भीती पोकळ नाही. ऑक्सफर्डमध्ये २०१३ साली काही जणांना नवी अंकचिन्हं शिकवताना मेंदूच्या मागच्या एका भागावर वीज दिली. ते लवकर शिकले, पण शिकलेलं सहजपणे, विचार न करता वापरायचं कसब मागे पडलं. मेंदूच्या पुढच्या भागावर वीज दिली, तर नेमकं उलटं. कार्यालयात समोरच्याचं नाव झटक्यात आठवावं आणि निघताना आपली चप्पल कुठली ते आठवू नये, हा सौदा कोण करील?

मुळात नाव एवढं निसटतं का? १९८७ सालचा इंग्लंडमधला एक साधा प्रयोग मानसशास्त्रात फार गाजला. अनोळखी चेहऱ्यांबरोबर काहींना आडनावं शिकवली, काहींना व्यवसाय. इंग्रजीत बेकर हे आडनावही आहे आणि पाव भाजणाराही. तोच शब्द, तेवढीच अक्षरं. पण ‘हा बेकर आहे’ म्हणजे पाव भाजतो असं सांगितलं की लक्षात राहतं आणि ‘याचं आडनाव बेकर’ म्हटलं की विसरायला होतं. कारण उघड आहे. पाववाला म्हटला की भट्टी आठवते, पिठाने पांढरे झालेले हात आठवतात, सकाळचा वास आठवतो. आडनाव म्हटलं की काहीच येत नाही. ते खुंटीला नुसतं अडकवलेलं असतं, वारा आला की पडतं.

मराठी माणसाला हे समजावून सांगायला इंग्लंडला जायची गरज नाही. इथे सुतार दातांचे डॉक्टर असतात, लोहार संस्कृत शिकवतात, सोनाराचं किराणा दुकान असतं आणि पाटलांच्या नावावर गुंठाभर जमीन नसते. जोश्यांना पंचांग कळत नाही. आडनावाने जी जी खूण द्यावी, ती ती दिशाभूल करणारी. शहाणे आणि गोडबोले यांच्याबद्दल तर बोलायलाच नको. पूर्वज धोरणी होते, म्हणून त्यांनी आडनावाला गावाचं शेपूट लावून ‘कर’ करून ठेवलं. पण आता त्या गावाला जायची एसटी कुठून सुटते हेही ‘करां’ना माहीत नसतं.

नाव लक्षात ठेवायचं एक देशी तंत्र मात्र पक्कं होतं, ते म्हणजे उखाणा. ज्या काळी बायका नवऱ्याचं नाव एरवी तोंडाने घेत नसत, त्या काळी वर्षातून दोन-चार समारंभांत ते घ्यावं लागे आणि घ्यायचं ते यमकात बांधून. महादेवाची पिंड आली की पुढे काय यायचं ते ठरलेलं. स्मरणशास्त्राच्या नजरेने पाहिलं तर निखळणाऱ्या नावाला दोन्ही बाजूंनी मारलेले हे खिळेच. एकाच माणसाच्या नावासाठी एवढी व्यवस्था होती. कार्यालयातल्या उरलेल्या चारशे जणांसाठी कोण कशाला उखाणे रचणार?

चेहऱ्यांची मात्र मेंदूत ददात नाही. यॉर्क विद्यापीठाच्या २०१८ सालच्या अभ्यासात सरासरी माणसाला सुमारे ५,००० चेहरे ओळखता येतात असं निघालं. कोणाला हजार, कोणाला दहा हजार. म्हणूनच समोर आलेला चेहरा कधी अनोळखी वाटत नाही आणि म्हणूनच पंचाईत जास्त होते. चेहराही परका असता तर सरळ विचारता तरी आलं असतं.

आता एका आत्याची ओळख करून द्यायला हवी. प्रत्येक घराण्यात अशी एक आत्या असतेच. या गृहस्थांची आत्या ८२ वर्षांची आहे आणि या क्षणी कार्यालयाच्या पहिल्या रांगेत, पंख्याचा वारा नेमका लागेल अशा खुर्चीवर बसलेली आहे. तिच्या डोक्याला स्पंज नाही, भरपूर खोबरेल आहे. कोणाची कोण, कोणाचं लग्न कितव्या स्थळाला जमलं, कोणी कोणाच्या मुंजीला आलं नव्हतं आणि का आलं नव्हतं, हे तिला १९६० पासूनचं तोंडपाठ आहे. कोणी नमस्काराला वाकलं की ती आधी विचारते, “तुम्ही कुठल्या?” मग, “म्हणजे तिथल्या वाड्यातल्या? मग ते अमुक तुमचे कोण?” तिसऱ्या प्रश्नाला समोरची बाई कुठल्या फांदीवरची आहे ते ठरतं आणि चौथ्याला तिच्याबद्दलचं मत.

मत हा शब्द इथे महत्त्वाचा. अमेरिकेत १९८० साली डेव्हिड हॅमिल्टन आणि सहकाऱ्यांनी लोकांना एका माणसाच्या बारीकसारीक वागण्याची यादी वाचायला दिली. एका गटाला सांगितलं, हे पाठ करा, पुढे विचारणार आहोत. दुसऱ्या गटाला परीक्षेचं काही सांगितलंच नाही. त्यांना म्हटलं, हा माणूस कसा आहे ते फक्त ठरवा. नंतर दोघांनाही विचारलं, तर पाठ करणाऱ्यांपेक्षा मत बनवणाऱ्यांना जास्त आठवलं. घोकंपट्टीवाले हरले आणि पारख करणारे जिंकले.

थोडक्यात, नावं लक्षात ठेवण्यापेक्षा नावं ठेवणं हे स्मरणाला जास्त मानवतं.

हे मेंदूतही दिसतं. जेसन मिचेल, नील मॅक्रे आणि महझरीन बानाजी यांनी २००४ साली लोकांना स्कॅनरमध्ये झोपवून चेहरे आणि त्यांच्याबद्दलची वाक्यं दाखवली. माहितीचा क्रम लक्षात ठेवा म्हटलं की पुढे काय आठवेल ते हिप्पोकॅम्पस या नेहमीच्या कोठाराच्या हालचालीवरून कळत होतं. हा माणूस कसा आहे ते ठरवा म्हटलं की कारभार दुसरीकडे गेला, कपाळामागच्या मधल्या वरच्या भागाकडे. माणसांबद्दलच्या मजकुराचं खातं वेगळं आहे आणि ते मत बनवताना उघडतं. आत्याचं कपाळ त्या दृष्टीने राष्ट्रीय संपत्तीच.

चहाड्यांचीही रीतसर तपासणी झालेली आहे. स्कॉटलंडमध्ये २००६ सालच्या एका अभ्यासात कानगोष्टींचा खेळ लावला. पहिल्याने वाचायचं, आठवून लिहायचं, ते दुसऱ्याने वाचायचं, असं पुढे. माणसांच्या आपसातल्या भानगडी आणि व्यवहार साखळीच्या टोकापर्यंत बऱ्यापैकी शाबूत पोचले. ज्यात माणसामाणसांचा संबंध नव्हता तो मजकूर मात्र वाटेतच सांडला. २०११ साली बॉस्टनच्या गटाने तर दोन डोळ्यांना एकाच वेळी दोन वेगळी चित्रं दाखवली, एकाला चेहरा आणि दुसऱ्याला घर. अशा वेळी मेंदू कधी हे तर कधी ते पाहतो. ज्या चेहऱ्याबद्दल आधी वाईट काही ऐकवलं होतं, उदाहरणार्थ, याने वर्गमित्राला खुर्ची फेकून मारली, तो चेहरा नजरेसमोर जास्त वेळ टिकला. चांगलं ऐकलेल्यांना तो मान मिळाला नाही. सद्गुणी माणसं लोकांच्या लक्षात का राहत नाहीत, या जुन्या तक्रारीचं उत्तर इतकं सोपं आहे.

राजकारण्यांना हे प्रयोगांच्या आधीपासून उमगलेलं असतं. रोममध्ये निवडणुकीला उभा राहणारा उमेदवार शेजारी एक गुलाम घेऊन फिरत असे. समोरून कोण येतोय त्याचं नाव त्याने मालकाच्या कानात सांगायचं, हे त्याचं पूर्णवेळ काम. आपल्याकडे आजही नमस्कार करत चाललेल्या नेत्याच्या खांद्यामागे एक तोंड हलताना दिसतं, “साहेब, हे माजी सरपंच, आजारी होते.” रोममध्ये उमेदवाराने असा माणूस ठेवू नये असा कायदा झाला. प्लुटार्क सांगतो, की तो पाळला एकट्या धाकट्या केटोने. त्याने मतदारांची नावं स्वतः पाठ केली. त्याचं कौतुक करणाऱ्यांनाही ते जरा झोंबलंच, कारण आता त्यांनाही तसं करावं लागेल की काय! शरद पवारांबद्दल गावोगावच्या कार्यकर्त्याला नावाने हाक मारतात अशी ख्याती आहे. अमेरिकेत रूझवेल्ट यांचे पोस्टमास्टर जनरल जेम्स फार्ली यांची ख्याती ५० हजार माणसांना नावाने ओळखायची. फार्लींची पद्धत डेल कार्नेगी यांनी आपल्या पुस्तकात दिली आहे. भेटलेल्या माणसाचं पूर्ण नाव, घरी कोण कोण, काम काय, राजकीय मत कोणतं, सगळं विचारून घ्यायचं. पुढच्या भेटीत, अगदी वर्षाने का होईना, बायकामुलांची आणि परसातल्या फुलझाडांची चौकशी करायची. म्हणजे “तुम्ही कुठले” आणि “ते तुमचे कोण” हेच. फार्लींना कोणी आत्या म्हणालं नाही, इतकंच.

वायरी आणि स्पंज मात्र अगदीच अडगळीत टाकायचे नाहीत. पक्षाघातानंतर किंवा स्मृतिभ्रंशात स्वतःच्या मुलीचं नाव ज्याला आठवत नाही, त्याच्यासाठी चार आण्यांची सुधारणाही मोलाची असते. तिथे विनोद करायला जागा नाही. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना ऐकू येणाऱ्या आवाजांवर हा उपचार बरीच वर्षं वापरून पाहताहेत. बॉस्टनमध्ये २०२२ साली रॉबर्ट राइनहार्ट यांच्या गटाने एकदिश विजेऐवजी लहरती वीज घेतली. ६५ ते ८८ वयाच्या लोकांना रोज वीस मिनिटं, लागोपाठ चार दिवस ती दिली आणि शब्दांची यादी आठवण्यात झालेली सुधारणा महिनाभर टिकली. १५० जणांवरचं हे काम आहे, त्यामुळे आशा धरायला हरकत नाही. पण यादी होती साध्या शब्दांची. तिच्यात मावसभावाचे सासरे नव्हते.

गृहस्थांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पानं मांडली गेल्याची हाक आली तशी त्या दोन हातांची पकड सुटली आणि ते तडक पहिल्या रांगेकडे गेले.

“आत्या, ते भिंतीजवळचे कोण गं? निळा सदरा, भुवईवर चामखीळ.”

आत्याने मान वळवलीसुद्धा नाही. “अरे, तुझ्या मधल्या काकूच्या माहेरचे. वीज मंडळात होते, चार वर्षांपूर्वी रिटायर झाले. धाकटी मुलगी जर्मनीत असते. मोठ्याचं लग्न जमलेलं मोडलं. पत्रिकेचं निमित्त सांगतात, पण तसं नाहीये ते. बायको सरळ आहे बिचारी. हा जरा आखडूच.”

“आणि नाव काय त्यांचं?”

आत्याने तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. पदराने मान पुसली. “बघ हं, अगदी ओठांवर आहे. काय बाई ते… जाऊ दे, नाव कशाला हवंय तुला? तुझ्या लग्नात त्यांनी स्टीलचं पिंप दिलं होतं आहेराला, तोटीपाशी गळायचं. तेव्हापासून आपण घरी त्यांना गळकं पिंपच म्हणतो. तुझ्या वडिलांनीच ठेवलं होतं ते नाव!”

क्षणात सगळं उजेडात आलं. मोरीतलं ते पिंप, तोटीखाली कायमची ठेवलेली वाटी, बायकोने एम-सीलने बुजवलेली भेग आणि महिन्याभरात पुन्हा सुरू झालेली टपटप. आहेराच्या वहीतल्या एका ओळीसकट सगळं आठवलं. त्या ओळीवर नेमका हळदीचा डाग होता.

तेवढ्यात खांद्यावर थाप पडली. निळा सदरा पंगतीकडे निघाला होता.

“काय हो, आठवलं का शेवटी? का नुसतेच हो हो करत होता मघाशी?”

“आठवलं ना!” गृहस्थ भरात म्हणाले, “तुम्ही म्हणजे पिं…” आणि तिथेच जीभ चावून गप्प झाले.

“पिंगळे! शाबास!” समोरच्याने त्यांना मिठीच मारली. “मी हिला म्हणतच होतो, एवढे दिवस झाले, पण हा माणूस आपल्याला विसरायचा नाही.”